मृगाच्या पोटातला बाण

भाचा ओहायोहून कंपनीच्या कामासाठी सहा महिने लंडनला आला आणि आमच्याकडे ईलिंगला, माळ्यावरच्या खोलीत राहिला. पहिल्याच रविवारी थालीपिठावर लोणी फिरवता फिरवता त्यानं विचारलं, "मामा, इथे क्रॉसबोनं हरीण मारायचं परमिट कोण देतं? कौन्सिल की पोलीस?" पार्किंगचं परमिट विचारावं तसा सूर. ईलिंगच्या कितीतरी गल्ल्यांत पाहुण्याच्या गाडीलासुद्धा परमिट लागतं, तेव्हा प्रश्न तसा वावगा नव्हता. त्याच्या मामीनं मात्र तव्यावरचं थालीपीठ उलटताना माझ्याकडे पाहिलं. माझ्या बहिणीनं पोराला काय वळण लावलंय, हे त्या पाहण्यात होतं.

त्याचं काही चुकत नव्हतं. ओहायोत आधी शिकारीचं लायसन्स काढायचं, वर हरणाचं वेगळं परमिट घ्यायचं. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरअखेरीस सुरू होतो तो फेब्रुवारीच्या तोंडापर्यंत चालतो आणि त्या धनुष्यात क्रॉसबोही धरलेला आहे. त्यानं फोनवर फोटो दाखवले. झाडाला पट्ट्यांनी बांधलेलं लोखंडी मचाण, अंगात पानांच्या नक्षीचा डगला, आणि मांडीवर ते यंत्र. धनुष्य म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडरातला राम आला होता. हे निघालं भलतंच: बंदुकीसारखा दस्ता, बंदुकीसारखा चाप, वर दुर्बीण, आणि पुढे आडवं बसवलेलं आखूड धनुष्य. दोरी एकदा खटक्यात अडकवली की दंडातल्या ताकदीचा आणि नेमाचा संबंध संपला. ताणून धरणारा हात थरथरतो, म्हणून धनुर्धराला निर्णय लवकर घ्यावा लागतो. खटका थरथरत नाही. तो तासभर वाट पाहू शकतो.

मी त्याला म्हटलं, "इथे असं परमिट नाही." मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यानं साहजिकच पहिला घेतला: सध्या मिळत नाही, बंद आहे, ओळखीनं होईल. मला दुसरा म्हणायचा होता. असा कागदच अस्तित्वात नाही, कारण ज्याला परवानगी द्यायची ती गोष्टच कायद्यानं मोडीत काढली आहे. १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याचं अकरावं कलम कुठल्याही रानटी जनावराला धनुष्यानं किंवा क्रॉसबोनं मारायला मनाई करतं. १९९१ चा हरणांचा कायदा पुन्हा वेगळं सांगतो की हरणावर बाण, भाला किंवा तसलं काही फेकायचं नाही. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि हरणं एकाहून जास्त असतील तर दंड दर हरणामागे मोजायचा.

मग मी, सवयीनं, दोन रात्री कायदे वाचत बसलो. निवृत्त माणसाला कायदे वाचायला बरे असतात, कारण त्यांत कथानक नसतं आणि झोप लागली तरी काही निसटत नाही. पण इथे कथानक होतं.

पहिलं नवल हे की इंग्लंडात हरीण मारण्याचं म्हणून काही लायसन्सच उरलेलं नाही. १८६० च्या कायद्यानं शिकारीचं लायसन्स लागायचं आणि ते चक्क पोस्टात मिळायचं, तिकिटं आणि मनिऑर्डरींच्या शेजारी. १ ऑगस्ट २००७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ते रद्द झालं. आता ईलिंगच्या माणसाला हरीण मारायचं असेल तर त्याला 'तू शिकारी आहेस का' असं कुणी विचारत नाही. विचारतात ते बंदुकीबद्दल आणि जमिनीबद्दल. रायफलसाठी मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे अर्ज, ग्वाही देणारे दोघं, डॉक्टरचा अहवाल, घरात भिंतीला जखडलेलं पोलादी कपाट, आणि मुख्य म्हणजे 'सबळ कारण': अमक्या शेतमालकानं तमक्या जमिनीवर मला परवानगी दिली आहे, हे त्याचं पत्र. प्रमाणपत्र पाच वर्षांचं. त्यापुढचे सगळे प्रश्न हरणाच्या बाजूने विचारलेले. गोळीचा व्यास ०.२४० इंचाहून कमी नको. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा १,७०० फूट-पौंडांहून कमी नको. सूर्यास्तानंतरचा पहिला तास संपल्यापासून सूर्योदयाआधीचा शेवटचा तास सुरू होईपर्यंत बार काढायचा नाही. लाल हरणाच्या मादीला एप्रिल ते ऑक्टोबर अभय.

म्हणजे तुमची लायकी काय, यापेक्षा ते जनावर मरणार कसं, याची चौकशी जास्त. मला हा उलटा मोहरा आवडला. आवडला म्हणताना थोडं अवघडायला होतं, कारण त्याचं टोक फार थंड आहे. मंटजॅक नावाचं कुत्र्याएवढं हरीण इथे बारा महिने पिल्लं देतं, म्हणून त्याला अभयाचा हंगामच नाही. मग मारायचं कुणाला? जाणत्यांचा सल्ला असा की मादी मारायची तर अगदी कोवळी मारा, नाहीतर पोट उघड दिसणारी, दिवस भरत आलेली मारा. मधली मारलीत तर झुडपात लपवलेलं एखादं दूधपितं पिल्लू मागे राहतं आणि उपाशी मरतं. गाभण जनावराला हात लावू नये, हे ज्या कानांवर लहानपणापासून पडलं त्या कानांना हा सल्ला ऐकवत नाही. पण तर्क चुकीचा आहे, असंही म्हणता येत नाही. करुणेचा हिशेब करायला बसलं की तो कधी कधी असा निघतो.

हे मंटजॅक म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं भेकर, निदान त्याचा चिनी चुलतभाऊ. संध्याकाळी घाटात कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो आणि बरोबरचा गाववाला म्हणतो, "भेकर हाय," तेच. बेडफर्डच्या ड्यूकनं वोबर्नच्या आपल्या उद्यानात आधी भारतीय भेकरं आणली, मग चिनी. टिकली ती चिनी. त्यांना ज्या जॉन रीव्ह्जचं नाव आहे तो कँटनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची परीक्षा करायचा. कंपनीनं चहाबरोबर काय काय हलवलं याची यादी काढायला बसलं तर आपण इथे कसे आलो, तेही त्यात कुठेतरी सापडेल.

हरणाची ही काळजी मात्र अलीकडची. इंग्लंडातल्या हरणांना हंगामाचं अभय मिळालं ते १९६३ च्या कायद्यानं. त्याआधी आठ-नऊशे वर्षं हरणांचे कायदे होते ते राजासाठी होते. नॉर्मन राजांनी गावंच्या गावं 'फॉरेस्ट' ठरवली. फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे, राजाच्या शिकारीचा मुलूख. १२१७ च्या वनसनदेनं जाहीर केलं की यापुढे हरणापायी कुणी जिवाला किंवा अवयवाला मुकणार नाही, नुसता जबर दंड होईल, आणि दंड भरायला ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैद. सवलत काय दिली यावरून आधी काय चालायचं ते कळतं. तरीही पाचशे वर्षांनी गाडी पुन्हा रुळावरून घसरली. १७२३ चा ब्लॅक अ‍ॅक्ट हा तोंडाला काळं फासून हरणं चोरणाऱ्यांसाठी होता, आणि शिक्षा फाशी. विंडसरच्या जंगलात आणि हॅम्पशायरमध्ये ही टोळकी रात्री फिरायची. इ. पी. थॉम्सन या इतिहासकारानं १९७५ साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे 'तोंड काळं कर' म्हणजे चालता हो. इथे तोंड काळं केलेला माणूस थेट जगातूनच चालता व्हायचा.

क्रॉसबोही त्या काळी मोकळा नव्हता. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यानं वर्षाला शंभर पौंडांचं जमिनीचं उत्पन्न नसलेल्यानं क्रॉसबो किंवा हातबंदूक बाळगायची नाही, असं ठरवलं. सामान्यांनी आपलं लांब धनुष्य घेऊन सराव करावा आणि राजाच्या लढाईला यावं, श्रीमंतांची खेळणी श्रीमंतांकडे राहावीत, आणि वर हरणंही राहावीत. हत्याराचा परवाना म्हणजे सातबाराच.

ईलिंगला हरणं नाहीत, पण हरणांच्या परवान्याची एक गोष्ट ईलिंगच्या दारापर्यंत येते. थेम्सपलीकडे रिचमंड पार्क आहे. पहिल्या चार्ल्सनं १६३७ मध्ये शिकारीसाठी सुमारे अडीच हजार एकरांभोवती भिंत घातली, आणि आजही तिथे सहाशेच्या वर हरणं आहेत. १७५१ मध्ये दुसऱ्या जॉर्जची मुलगी, राजकन्या अमेलिया, तिथली रेंजर झाली. तिनं दरवाजे बंद केले आणि आत यायला तिकिटं सुरू केली, तीही मोजक्यांनाच. जॉन लुइस नावाचा रिचमंडचा एक बिअर गाळणारा दारावर गेला, त्याला ढकलून बाहेर काढलं, आणि त्यानं दारवानावर फिर्याद ठोकली. १७५८ मध्ये तो जिंकला. न्यायाधीश फॉस्टर यांनी विचारलं, दार हवं की भिंतीवरून चढायला शिडी? लुइसनं शिडी मागितली, कारण दाराला कधीतरी कडी घालता येते. पार्कवाल्यांनी शिडी उभारली ती पायऱ्या मुद्दाम लांब लांब ठेवून. लुइस पुन्हा कोर्टात. न्यायाधीशांनीही ती पाहिली होती. त्यांनी सांगितलं की पोरंबाळं आणि म्हाताऱ्या बायकाच काय, म्हातारे बाप्येसुद्धा चढू शकतील अशी शिडी करा. स्वतः ते तेव्हा सत्तरीला टेकले होते.

राजकन्येला पार्कातला रस उरला नाही. ती ईलिंगजवळच्या गनर्सबरीच्या वाड्यात राहायला आली. तो वाडा पुढे रॉथशील्ड घराण्याकडे गेला, त्यांच्याकडून नगरपालिकांनी घेतला आणि १९२६ मध्ये गनर्सबरी पार्क लोकांना खुलं झालं. ईलिंग आणि हाउन्स्लो मिळून ते आता सांभाळतात. तिचं न्हाणीघर अजून तिथे उभं आहे. लंडन मेळ्याच्या दिवसांत त्या हिरवळीवर ढोल वाजायचे आणि मक्याची कणसं भाजली जायची. तिकिटावर हरणं दाखवणाऱ्या बाईच्या अंगणात आपण फुकट भेळ खाल्ली, याचं मला अजून बरं वाटतं.

आणि परवाना ईलिंगमध्ये लागतो तो वेगळ्याच जनावरासाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीनफर्डच्या पॅराडाइज फील्ड्सवर बीव्हरचं एक कुटुंब सोडलं, तेव्हा नॅचरल इंग्लंडचा परवाना काढावा लागला. ज्याला चारशे वर्षांपूर्वी कातड्यासाठी विचारपूस न करता संपवलं, त्याला परत आणायला अर्ज.

या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न आहे: हरीण कुणाचं? इंग्लंडच्या कायद्यात मोकळं हरीण जिवंत असेपर्यंत कुणाचंच नाही. पडलं की ज्याच्या जमिनीवर पडलं त्याचं. मालकी मरणानं सुरू होते. म्हणून जमीनवाल्याची चिठ्ठी लागते, सरकारची नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नववं कलम लिहून शिकार बंद केली, आणि एकोणचाळिसाव्या कलमानं मारलेलं, मेलेलं किंवा पकडलेलं जंगली जनावर सरकारी मालमत्ता केलं. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या जनावराला मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी हवी. विदर्भातल्या रोह्यांनी हरभरा तुडवलेल्या शेतकऱ्याला हे कलम तोंडपाठ असतं, आणि नुकसानभरपाईचा पंचनामा कधी होईल ते मात्र कुणी सांगत नाही.

तिथेही कायदा एका रात्रीत साऱ्यांसाठी सारखा झाला, आणि सारखा झाल्यामुळेच काहींवर जास्त कोसळला. कोल्हापूरच्या महाराजांचे चित्ते काळविटांवर सुटत, ती संस्थानाची शान होती. तेच काळवीट फासेपारध्यानं फाशात धरलं की पोट भरणं. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवायचा पायंडा घातला, पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये गेला, पोलिसांच्या डोक्यातला शिक्का गेला नाही. वीस वर्षांनी जुनं पोट भरणंही गुन्ह्यात आलं. राजांची जंगलं अभयारण्यं झाली. कोल्हापूरकरांच्या शिकारीच्या राखीव रानाचं दाजीपूर झालं. हरणांचं भलंच झालं, आणि मी त्या बाजूचाच आहे. पण तोंडाला काळं फासलेले ते हॅम्पशायरचे चोर आणि कर्जत-जामखेडच्या माळावर फासे घेऊन फिरणारा पारधी यांची एकमेकांना ओळख पटली असती.

भाचा हे ऐकून घेत होता. अमेरिकेत वाढलेली मुलं वडीलधाऱ्यांचं ऐकून घेतात, फक्त मध्येच नेमका प्रश्न विचारतात. "पण बाणच का नको? बंदुकीनं चालतं, तर मग?"

तेव्हा मीच त्याला विचारलं, की बाण लागल्यावर होतं काय? तो जरा थांबून म्हणाला की गोळीसारखा धक्का नसतो. पात्यांचं टोक आतून कापतं, रक्तस्राव होतो, हरीण पळतं. चांगला लागला तर शंभर पावलांत पडतं. शिकाऱ्यानं मचाणावरून उतरायचं नाही. अर्धा तास गप्प बसायचं. लगेच मागे गेलं तर ते घाबरून आणखी लांब जातं, आणि मग हाती लागत नाही. अर्ध्या तासानं उतरून पानांवरचे थेंब बघत माग काढायचा. गडद रक्त असेल तर यकृत, फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस. हिरवट काही मिसळलेलं दिसलं तर पोट, मग आणखी काही तास थांबायचं. "एकदा मला सापडलंच नाही," तो म्हणाला. आणि पुढे बराच वेळ काही बोलला नाही.

मला परीक्षित आठवला. त्याच्या बाणानं जखमी झालेलं हरीण त्या दिवसापर्यंत कधी निसटलं नव्हतं, असं महाभारत सांगतं. एक निसटलं. त्याचा माग काढत थकून, तहानेनं व्याकूळ होऊन तो शमीक ऋषीपाशी आला आणि विचारलं, हरीण इकडून गेलं का? ऋषीचं मौन होतं. राजानं चिडून मेलेला साप त्याच्या गळ्यात टाकला. पुढे शाप, तक्षक, सर्पसत्र, आणि त्या सत्रातच सांगितली गेलेली सगळी भारतकथा. इतका मोठा ग्रंथ आपल्याला ऐकायला मिळाला तो एका न सापडलेल्या जखमी हरणामुळे.

आणि तो एकटाच नाही. आपल्या कथांत हरणावर सोडलेला बाण सरळ हरणाला लागून गोष्ट तिथे संपली, असं फारसं होत नाही. पांडूनं हरणांच्या जोडीला मारलं, तो निघाला किंदम ऋषी. रामानं सोन्याचं हरीण मारलं, तो निघाला मारीच. जरा व्याधानं हरीण समजून बाण सोडला, तो लागला कृष्णाच्या तळव्याला. दुष्यंताचा बाण तेवढा आश्रमवासीयांनी वेळेवर थांबवला, आणि त्याला हरणाऐवजी शकुंतला भेटली. ज्या समाजात शिकार राजाचा धर्म होता, चालुक्य सोमेश्वरानं 'मानसोल्लासा'त मृगयेला राजाच्या विनोदांत स्थान दिलं होतं, त्याच समाजाच्या कथाकारांना बाणाचा भरवसा नव्हता. बाण सुटल्यापासून लागेपर्यंत मध्ये काहीतरी बदलतं.

शब्दही बदलतो. मृग म्हणजे आधी कुठलंही रानटी जनावर, म्हणून सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. मृगया म्हणजे त्याचा शोध. नंतर मृग एकट्या हरणापुरता उरला. इंग्रजीत 'डिअर'चंही अगदी हेच झालं: जुन्या इंग्रजीत ते कुठलंही जनावर, जर्मनमध्ये 'टिअर' अजूनही तेच, आणि इंग्रजांपुरतं ते हरणावर येऊन थांबलं. दोन दूरच्या भाषांनी आपापल्या रानातून एकच जनावर निवडून त्याला साऱ्या रानाचं नाव दिलं. सर्वांत जास्त ज्याच्या मागे धावलो, तेच ते जनावर.

आता क्रॉसबोचं उरलेलं. हरणासाठी तो बंद, पण तो बाळगायला लायसन्स लागत नाही. १९८७ चा क्रॉसबोचा कायदा वय विचारतो, आधी सतरा, आता अठरा, आणि त्यापुढे फार काही विचारत नाही. रायफलवाल्याच्या घरी पोलीस कपाट तपासायला येतात, क्रॉसबोवाल्याच्या येत नाहीत. २०२१ च्या नाताळच्या सकाळी विंडसरच्या किल्ल्याच्या आवारात एकोणीस वर्षांचा मुलगा भरलेला क्रॉसबो घेऊन सापडला. राणीला मारायला आलोय, म्हणाला. जालियनवाला बागेचा सूड, असं त्यानं आधी चित्रफितीत सांगून ठेवलं होतं. ब्लॅक अ‍ॅक्टच्या चोरांचंच ते विंडसर. २०२३ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली, १८४२ च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली. २०२४ च्या फेब्रुवारीत गृहखात्यानं परवाना असावा का यावर लोकांची मतं मागवली. आठव्या हेन्रीला हा प्रश्न पडला होता तो हरणांसाठी. आता पडला तो माणसांसाठी, आणि इतक्या उशिरा.

मागच्या डिसेंबरात एका रात्री पाऊस थांबला आणि आभाळ धुतल्यासारखं झालं. मी भाच्याला घेऊन ईलिंग कॉमनवर गेलो. दिव्यांच्या उजेडात फार तारे दिसत नाहीत, पण तो चौकोन आणि मधले तीन तारे लंडनलाही चुकत नाहीत. "ओरायन," तो म्हणाला, "शिकारी. तो त्याचा पट्टा." टिळकांनी १८९३ मध्ये याच नक्षत्रावर, याच नावाचं पुस्तक लिहून वेदांचा काळ मोजायला घेतला होता. पंचवीस वर्षांनी ते इथून चार-पाच मैलांवर, हाउली प्लेसमध्ये राहिले. त्यांनीही इथल्या हिवाळ्यात हेच वर पाहिलं असणार.

"आपल्याकडे तो शिकारी नाही," मी म्हटलं. "तो मृग. चार कोपऱ्यांचे तारे ते पाय. ते तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण. शिकारी मागे आहे, तो बघ, खाली, सगळ्यात तेजस्वी. व्याध."

त्यानं मान तिरकी केली. शिकाऱ्याचा पट्टा पुसून तिथे बाण पाहायला वेळ लागतो. माझ्या लेकीला दोन हिवाळे लागले होते.

"म्हणजे लागलाय."

"लागलाय."

"पण पडलं नाही."

"अजून तरी नाही."

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं की ते पळतंय कुठल्या दिशेला. याचा मी कधी विचारच केला नव्हता. पुढे रोहिणी, मागे व्याध, म्हणजे पश्चिमेला. अक्सब्रिज रोडवरून, हॅनवेलवरून, साउथॉलकडे.